नारिंगी दिसला म्हणजे गोल्डफिश नव्हे

महोदय,

पूर्व उपनगरात आमच्या घराजवळ एक जुना तलाव आहे. सकाळी फिरायला येणारी मंडळी तिथल्या पायऱ्यांवर बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालतात आणि गेल्या वर्षभरात या गोळ्यांवर झडप घालायला काही नारिंगी मासेही येऊ लागले आहेत. ‘तलावात गोल्डफिश आले’ अशी वार्ता त्यामुळे आमच्या भागात पसरली. कोणी त्यात शुभशकुन पाहिला, कोणी पाणी सुधारल्याचे लक्षण मानले, आणि एका उत्साही गृहस्थांनी तर घरच्या काचपेटीतले चार मासे ‘त्यांना सोबत’ म्हणून आणून सोडण्याची तयारी चालवली. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले असल्याने मला काही राहवेना. लागोपाठ चार सकाळी दुर्बीण घेऊन पायरीवर बसले. जेवढे नारिंगी मासे दिसले त्यांत गोल्डफिश एकही नव्हता.

हे कसे ठरवले ते सविस्तर सांगते, कारण ही ओळख कोणालाही पटवता येते आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. गोळी टिपायला मासा तोंड वर काढतो तेव्हा त्याच्या ओठांच्या कडा पाहाव्यात. आपल्याकडचे मत्स्यशेती करणारे लोक ज्याला सायप्रिनस म्हणतात त्या कॉमन कार्पला तिथे मिशांच्या दोन जोड्या असतात, आणि श्रीमंत हॉटेलांच्या हौदात पोहणारा रंगीत कोई हा त्याच माशाचा जपानी हौसेने घडवलेला प्रकार असल्याने त्यालाही त्या असतात. गोल्डफिशला मिशा नसतात. आमच्या तलावातल्या दोन माशांना त्या स्पष्ट दिसल्या, म्हणजे ते कोई. उरलेल्यांना मिशा नव्हत्या, पण त्यांच्या पाठीवरच्या पराचा पुढचा भाग करवतीसारखा काटेरी होता. त्यांपैकी एक मेलेला मासा तिसऱ्या दिवशी काठाला लागला, तो हातात घेऊन पाहिला. अंगाच्या बाजूने जाणारी ठिपक्यांची पार्श्वरेषा मध्येच तुटून दोन तुकड्यांत गेलेली होती, पुढचा तुकडा वर आणि मागचा शेपटीकडे खाली. आणि तोंडाच्या प्रत्येक बाजूला नाकपुडीचे छिद्र एकच होते. कार्पच्या कुळात, ज्यात गोल्डफिशही येतो, ती रेषा अखंड असते आणि नाकपुड्या दोन-दोन असतात. म्हणजे हा तिलापिया, ज्याला मासळी बाजारात चिलापी म्हणतात, त्याचा लालसर प्रकार. तिलापिया मूळचा आफ्रिकेतला. त्यातला मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि तेव्हापासून तो देशभरातल्या पाण्यात ठाण मांडून बसला आहे.

मग खरा गोल्डफिश कुठे असेल? बहुधा आपल्या डोळ्यांसमोरच, पण मातकट रंगात. गोल्डफिशचा नारिंगी रंग हा चीनमध्ये हजाराहून अधिक वर्षे निवड करून जपलेला रंग आहे. त्याचा रानटी पूर्वज हिरवट-करडा, कांस्याच्या जुन्या भांड्यासारखा दिसतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या गोल्डफिशची पिल्लेही जन्मतः काळपट असतात आणि काही महिन्यांनी रंग धरतात; काही कधीच धरत नाहीत. काचपेटीत हा रंग मिरवण्याची गोष्ट असते, तलावात मात्र बगळा, खंड्या आणि पाणकावळा यांना दिलेले ते आमंत्रणच ठरते. भडक तेवढे टिपले जातात, मळकट उरतात, आणि काही पिढ्यांनी मोकळ्या पाण्यातला गोल्डफिश आपल्या पूर्वजासारखाच दिसू लागतो. मे महिन्यात तलावाचे पाणी उतरले असताना एका मुलाच्या गळाला तळहाताएवढा असाच एक मासा लागला आणि जमलेल्या सर्वांनी त्याला कटल्याचे पिल्लू ठरवून टाकले. त्याला मिशा नव्हत्या. पाठीवरचा पर मध्यापासून शेपटीजवळपर्यंत लांबलचक होता आणि त्याच्या सुरुवातीला एक कडक, मागच्या कडेने दातेरी काटा होता, जो नखाने खरवडून पाहता येतो. कटला आणि रोहू यांना असा काटा नसतो. पार्श्वरेषेवरचे खवले मी दोनदा मोजले, अठ्ठावीस भरले. कॉमन कार्पला ते तिसाच्या बरेच पुढे जातात आणि कटल्याला चाळिसाच्या आसपास असतात. माझ्या मते तो गोल्डफिश होता. मुलाने तो घरी नेऊन तळला असे नंतर कळले, त्यामुळे नमुना म्हणून दाखवायला माझ्याकडे वहीतली नोंद तेवढी आहे.

एवढी उठाठेव कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. गोल्डफिश तळाचा गाळ तोंडाने उपसत खातो, त्यामुळे पाणी गढूळ राहते, पाण्याखालच्या वनस्पतींची मुळे सुटतात आणि त्यांना ऊनही मिळेनासे होते. घाण पाण्यात इतर मासे प्राणवायूअभावी मरतात तिथे हा तग धरतो. प्राणवायू अगदीच संपला तर शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे अल्कोहोल करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे आहे. ‘भांडे केवढे तेवढाच मासा वाढतो’ ही समजूतही चुकीची आहे. लहान भांड्यातल्या निकृष्ट पाण्यामुळे तो खुरटतो इतकेच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहराने 2021 मध्ये आपल्या तलावातून काढलेल्या भल्यामोठ्या गोल्डफिशची छायाचित्रे प्रसिद्ध करून, पाळलेले मासे सोडू नका, अशी विनवणी नागरिकांना केली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या व्हॅस नदीत खुणेचे यंत्र बसवलेला एक गोल्डफिश वर्षभरात 230 किलोमीटर फिरल्याचे आढळले.

मुंबईत तर तलावात सोडलेली गोष्ट तलावात राहत नाही. 1860 सालचा विहार आणि 1891 सालचा पवई या तलावांचे पावसाळ्यात ओसंडणारे पाणी मिठी नदीला मिळते आणि मिठी माहीमच्या खाडीपर्यंत जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुठले पाणी तलावाचे, कुठले नाल्याचे आणि कुठले रस्त्याचे हे सांगणे अशक्य झाले होते. पहिल्या पावसात ओढ्यांना उलटे चढत जाणारे चढणीचे मासे ज्या वाटेने अंडी घालायला जातात, ती वाट परक्या माशांनाही मोकळीच असते.

वनस्पतींच्या बाबतीत आपले अज्ञान अधिक महागात पडते, कारण तिथे यंत्र उतरते. दोन वर्षांपूर्वी आमच्या तलावाची सफाई झाली तेव्हा ‘जलपर्णी काढण्याचे’ काम घेतलेल्यांनी हिरवे दिसेल ते सगळे उपसून काठावर ढीग घातला. त्या ढिगात जलपर्णी होतीच, पण कमळाचे कंद होते, काठचे पाणकणीस होते, आणि हायड्रिलाचे भारेच्या भारे होते. हायड्रिला म्हणजे तीच, जिच्यावर नरसाळे आणि परीक्षानळी पालथी घालून प्राणवायूचे बुडबुडे दाखवण्याचा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत पाहिला आहे. ती इथलीच आहे, आणि गंमत अशी की काचपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेत पोचल्यावर तिथे मात्र ती उपद्रवी ठरली. मी संबंधितांना तोंडी आणि नंतर लेखी विचारले. ‘बाई, सगळे शेवाळच की’ हे तोंडी उत्तर मिळाले, लेखी उत्तर अजून यायचे आहे.

जलपर्णी ओळखणे वाटते तितके सोपे नाही. मोकळ्या पाण्यात तिचे देठ फुग्यासारखे फुगलेले असतात, पण दाटी झाली की ते उंच आणि सडपातळ होतात आणि नवखा माणूस फसतो. तेव्हा फिकट जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवरचा, मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका पाहावा. पिस्टिया ही कोबीच्या उमललेल्या गड्ड्यासारखी तरंगते, तिची पाने मखमली आणि रेघांची असतात आणि फूल शोधावे लागते. साल्व्हिनिया हे तर नेचेच आहे. तिच्या उपद्रवी जातीच्या पानावर भिंगातून पाहिले की केसांचे चार फाटे टोकाशी पुन्हा जुळून इवलासा पिंजरा झालेला दिसतो. जलपर्णी आणि ही साल्व्हिनिया या दोघी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आहेत आणि दोघींचा एखादा तुकडा मागे राहिला तरी पुरतो.

डासांसाठी हौदांत आणि विहिरींत सोडले जाणारे गप्पी मासेही दक्षिण अमेरिकेचेच आहेत, हे या ओघात नोंदवते. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्यात डोक्यावर चंदेरी टिकली असलेला एक लहानसा मासा पूर्वीपासून आहे आणि तोही डासांच्या अळ्या खातो. त्याची आठवण आधी व्हायला हवी होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने ‘आक्रमक परकीय प्रजाती’ ही संज्ञा आली आणि त्यांची आयात, व्यापार व प्रसार यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र त्या व्याख्येत परकीय म्हणजे भारताबाहेरचे. गंगेच्या खोऱ्यातला कटला मुंबईच्या ओढ्यात सोडला तर तो या व्याख्येच्या बाहेरच राहतो.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक सार्वजनिक तलावाच्या काठी सुशोभीकरणाच्या फलकाशेजारी तिथल्या मासे-वनस्पतींच्या चित्रांचा आणखी एक फलक असावा, आणि सफाईच्या कामाची निविदा निघण्यापूर्वी वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या एका माणसाने काठावरून फेरी मारून काय काढायचे आणि काय ठेवायचे याची यादी द्यावी. क्रॉफर्ड मार्केटपासून उपनगरांतल्या गल्लीबोळांपर्यंत शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदारांनी नकोसे झालेले मासे परत घेण्याची तयारी दाखवली, तर ‘बिचाऱ्याला मोकळे केले’ या समाधानासाठी तलाव शोधणाऱ्यांची निम्मी अडचण दूर होईल. आणि आपल्या दैनिकाला विनंती, की तलावातल्या माशाचे छायाचित्र वाचकांकडून मागवाल तेव्हा ते बाजूने घेतलेले, पाठीवरचा पर पूर्ण उघडलेला आणि तोंड स्पष्ट दिसेल असे मागवावे. वरून काढलेल्या छायाचित्रात सगळेच मासे गोल्डफिश दिसतात.

त्या उत्साही गृहस्थांनी आपले चार मासे अद्याप सोडलेले नाहीत. ते खरोखरचे गोल्डफिश आहेत, मी घरी जाऊन पाहिले. त्यांना काय करावे असे ते मला विचारत होते. तूर्त मी त्यांना मोठी काचपेटी घ्यायला सांगितले आहे. आणखी कोणाला ओळख पटवून घ्यायची असेल, तर रविवारी सकाळी सातपासून मी पायरीवर असते, भिंग माझ्याकडे आहे, कणकेच्या गोळ्या ज्याच्या त्याने आणाव्यात.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
पूर्व उपनगर, मुंबई