झेरॉक्सवाल्या काकांना, बिलाच्या शेवटच्या तीन ओळींबद्दल

काका, सा. न.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोब लिहिणारी मी. परवा लॅपटॉप काखेत मारून आले आणि दुकानात पाय ठेवताच रडगाणं सुरू केलं, ती.

आमच्या प्रिंटरवर एका पानात चोख बसणारं बिल फॅक्सला लावलं की त्याची दोन पानं व्हायची. दुसऱ्या पानावर हमाली, तोलाई आणि एकूण रक्कम, बस्स. बाहेरगावच्या खरेदीदाराला अजून फॅक्सच लागतो, आणि तो दर वेळी विचारणार, "बाई, रक्कम कुठाय?" आठवडाभर मी मार्जिनशी झटापट केली. फॅक्सचं जमवलं की छापील बिल बिघडायचं.

तुम्ही फाइलकडे बघितलंही नाहीत. आधी विचारलंत, "प्रिंटर कुठला निवडलाय?" मला तर राग आला होता, खरं सांगते. पण एक्सेल पान कुठे तोडायचं ते निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे तो प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरून ठरवतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. फॅक्सच्या ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार 'लेटर' होता, आमचा ए-फोर. लेटर रुंदीला ६ मिलिमीटर जास्त, पण उंचीला २९७ ऐवजी २७९. तुम्ही पट्टी लावून दाखवलंत: एक ओळ साधारण ५ मिलिमीटरची, म्हणजे १८ मिलिमीटरात माझ्या तीन ओळी गेल्या!

मग फॅक्सलाही ए-फोर केलं, रुंदी एका पानात बसवली. आणि खरी युक्ती म्हणजे बिलाची पीडीएफ एकदाच करायची, तीच छापायची, तीच फॅक्स करायची. छापताना 'फिट' नको, 'अ‍ॅक्च्युअल साइज' ठेवायचं. सगळं माझ्याच हातून करून घेतलंत, माउसला हात लावला नाहीत.

फाइलमधल्या चारही शीट एकत्र निवडून पेज सेटअप केलं की नंतर निवड सोडायची, असं बजावलं होतंत. मी विसरलेच. राजापुरी हळदीचा एक भाव चारही शीटवर उमटला; नशीब, बिल जायच्या आधी दिसला.

पैसे दोन पानांचेच घेतलेत. भडंग पाठवलंय, ते तरी परत करू नका.

तुमची,
हळदीच्या हातांची हिशोबनीस