खोली दाखव, गल्ली नको

प्रिय मिलिंद,

मानखुर्द-गोवंडीतल्या घरांवर लघु-माहितीपट करतोयस हे कळलं, फार बरं वाटलं. एकच आग्रह आहे: गटार आणि उंचावरून दिसणाऱ्या निळ्या ताडपत्र्या पुष्कळांनी टिपल्या आहेत, तू खोली दाखव. दहा बाय बारात सहा माणसं कशी झोपतात, ते वरून कळत नाही.

16 मिमीची लेन्स नेऊ नकोस. जागा नाही म्हणून सगळे तीच लावतात आणि पडद्यावर खोलीचा हॉल होतो. 35 मिमी घे, उंबऱ्यातच उभा राहा, भिंती आड आल्या तर येऊ देत. ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून शटर 1/50 ठेव. दिवे बॅटरीवरचेच ने, घरच्या मीटरवर भार नको.

आवाजासाठी पंखा बंद करायला सांगशील, तर मे महिन्यात पत्र्याखाली माणसं बोलूच शकणार नाहीत. कॉलरला माइक लाव आणि नुसता पंख्याचा आवाज मिनिटभर वेगळा घे, संकलनात जोड झाकायला लागतो. उकाडा मापून दाखव: एक तापमापक गल्लीच्या सावलीत, दुसरा आत पत्र्याखाली. पोटमाळ्यावर रात्री पुन्हा माप. पत्रा निवतो, पण खिडकी नसली की आतली हवा कोंडूनच राहते. पाणी मात्र नळाच्या शेवटच्या घरात टिप. आधीच्यांनी मोटर लावली की तिथलं पिंप भरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाढवलेला माळा बाहेरून दिसेल असं दृश्य घेऊ नकोस. चौदा फुटांवरचं बांधकाम पाडतात, तुझं चित्रण तक्रारीला पुरावा होईल. फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), वीजबिल, खोली क्रमांक चौकटीत नको. पुनर्वसनात मोफत घराला 1 जानेवारी 2000 पूर्वीचा तळमजल्याचा रहिवासी पात्र ठरतो, माळ्यावरचा नाही. ‘वर कोण राहतं?’ हा साधा प्रश्नसुद्धा कॅमेऱ्यासमोर विचारू नकोस.

तिथून लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये जा. 225 चौरस फुटांची पक्की घरं, पण इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांना ऊन मिळत नाही, आणि त्याच मजल्यांवर क्षयरोग जास्त असल्याचं अभ्यासात आढळलं आहे. तिथे भर दुपारी, दिवा बंद ठेवून, झोपडीत ठेवला होतास तोच आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) आणि तीच लेन्स ठेव. अंधार दिसला तर संकलनात उजळवू नकोस.

तुझा,
श्रीकांत