अंबाझरीला धावून आलेल्यांनो

मे महिन्यातल्या त्या सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाजवळ आमचे आबा भोवळ येऊन पडले, तेव्हा घरचं कोणीच सोबत नव्हतं. तुम्ही होतात. कोणी आपला दुपट्टा ओला करून त्यांच्या डोक्यावर ठेवला, कोणी ऑटो थांबवला, एका मुलीने त्यांच्याच फोनवरून मला कळवलं. ऑटोवाल्या दादांनी भाडं घेतलं नाही, आणि आम्ही नाव विचारेपर्यंत ते निघूनही गेले होते. आबांचा चष्मासुद्धा कोणीतरी रुमालात गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवला होता.

तुमच्यामुळे आबा आणखी नऊ दिवस आमच्यात राहिले. पुण्याहून आत्या पोहोचली, तिच्याशी बोलले. आम्हाला ते नऊ दिवस केवढे आहेत, कसं सांगू?

तुम्ही ज्यांना सावरलंत ते कोण होते, हे तुम्हाला कळायला हवं. तान्ह्या पोळ्यासाठी सगळ्या नातवंडांचे लाकडी बैल ते स्वतः रंगवायचे. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ. त्याच दिवशी मला खांद्यावर घेऊन मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक दाखवायला न्यायचे आणि 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' असं भर गर्दीत ओरडायचे. संत्रं सोललं की फोडीवरची एकेक शीर काढूनच हातावर ठेवत. पहिली फोड आजीची, मग आमची.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तो दुपट्टा आजीने धुऊन, घडी करून ठेवलाय. ज्यांचा असेल त्यांनी घरी या, आजीला तुम्हाला भेटायचं आहे.