त्या ताईंचे आणि दुकानातल्या दादाचे आभार

लिनक्स (विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली) अपग्रेड केलं आणि लॅपटॉप काळ्या पडद्यावर अडकला. वाचनालयाच्या जुन्या दिवाळी अंकांचं सगळं स्कॅनिंग त्यातच होतं, त्यामुळे जीव कासावीस झाला.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, मला लिनक्स येत नाही. पण फॉरमॅट करू नका, ओळखीच्या एक ताई आहेत." त्याने फोन लावून दिला, नेटची वायरही जोडून दिली.

ताईंचं पहिलंच वाक्य होतं, "तुमच्या फायली बहुतेक जागेवर आहेत, अडलंय ते ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं." लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'नोमोडसेट' (पडदा साध्या पद्धतीने दाखवायची सूचना) लिहायला लावून त्यांनी आधी पडदा उजळवला. नव्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हेडर फायली (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या) आल्याच नव्हत्या, म्हणून ड्रायव्हर बांधून देणाऱ्या डीकेएमएस या प्रोग्रॅमने ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) बांधलं नव्हतं. त्या घेतल्या, मॉड्यूल बांधलं. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सुरक्षा) चालू असताना डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल कर्नल स्वीकारत नाही. म्हणून रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर त्या सहीच्या किल्लीची नोंद करायची आणि तो पडदा काही सेकंदच थांबतो, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

मी एकेक इंग्रजी अक्षर वाचून दाखवत होतो. त्यांनी एकदाही घाई केली नाही. प्रत्येक कमांड काय करणार हे आधी मराठीत समजावायच्या, मगच "आता एंटर दाबा" म्हणायच्या. इतक्या आपुलकीने कोण शिकवतं!

दादाने पैसे घेतले नाहीत. दोघांनीही नाव लिहू नका म्हणून सांगितलंय, ते पाळतो. ताई, दादा, तुमचे मनापासून आभार.