ड्रॅक्युलाची भीतीच काढून घेतली, मग उरलं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ हे सिनेमे आमच्या घरातल्या पोरांचे लाडके आणि खरं सांगायचं तर माझेही, म्हणूनच चौथ्या भागाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. कार्टून आहे, पोरांचं आहे, एवढं काय मनावर घ्यायचं असं लोक म्हणतात, पण पोरं एकच सिनेमा वीस-वीस वेळा बघतात, त्यातले डायलॉग पाठ करतात, मग तो चांगलाच असायला नको का?

पहिला भाग २०१२ चा. ड्रॅक्युलाच्या बायकोला माणसांच्या जमावाने मारलेलं असतं, म्हणून तो राक्षसांसाठी लपायची जागा म्हणून हॉटेल बांधतो, आणि मुलगी मेव्हिस बाहेर जायचा हट्ट धरते तेव्हा झोंबींना माणसांचे कपडे घालून खोटं गाव उभं करून तिला घाबरवतो. चुकतो तो, पण का चुकतो ते कळतं. शेवटी तिचा प्रियकर जॉनी, जो माणूस आहे, विमानातून निघून जातो तर हा भर उन्हात मागे उडत सुटतो, अंग भाजतंय, धूर निघतोय, रस्त्यावरची माणसं आपापले झगे वर धरून त्याला सावली करतात, आणि विमानाच्या काचेला चिकटून तो पायलटला मोहिनी घालतो आणि त्याच्याच तोंडून जॉनीची माफी मागतो. हसू येतं आणि गळाही दाटतो. २०१५ च्या दुसऱ्या भागात नातू व्हॅम्पायर आहे की माणूस हे बघायला आजोबा त्याला उंच मनोऱ्यावरून खाली टाकतो, पोरगं काही उडत नाही, उडत नाही, आणि जमिनीला टेकायच्या आत आजोबा स्वतःच झेप घेऊन धरतो, तिथे आमच्या घरात सगळ्यांचा श्वास अडकतो. २०१८ चा क्रूझवाला तिसरा जरा पसरट होता पण चालला.

चौथा २०२२ च्या जानेवारीत आला, थिएटरमध्ये नाहीच, कोविडमुळे तारखा पुढेमागे होत शेवटी थेट प्राइम व्हिडिओवर. ड्रॅक्युला हॉटेल मुलगी-जावयाच्या ताब्यात द्यायचं ठरवतो, जॉनीचे नूतनीकरणाचे बेत ऐकून बिचकतो आणि थाप मारतो की कायद्याने हॉटेल फक्त राक्षसालाच देता येतं. (आमच्या गोव्यात ही थाप एक मिनिट टिकली नसती, इथे मुलीला मुलाइतकाच वाटा, आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, सासऱ्याने सही केली की जावई आलाच.) मग जॉनी एकेकाळचा राक्षसांचा शिकारी व्हॅन हेल्सिंग याच्या यंत्राने राक्षस होतो, ड्रॅक्युला माणूस होतो, टक्कल पडतं, पोट सुटतं, आणि दोघं यंत्राचा स्फटिक शोधायला दक्षिण अमेरिकेच्या जंगलात.

आता बघा, ज्याला शतकानुशतकं ऊन जाळत आलं तो माणूस झालाय, उन्हात उभा राहू शकतो, त्याला म्हातारपण येणार, तो मरू शकतो, केवढा मोठा विषय हातात आला होता! पण सिनेमा थांबतच नाही. एक पडझड, एक पाठलाग, एक जोक, पुढे चला. ड्रॅक्युलाचे राक्षस दोस्तही माणसं होतात, फ्रँकेन्स्टाइन देखणा होऊन आरशात बघत बसतो, अदृश्य माणूस दिसायला लागतो तर अंगावर कपडेच नाहीत, ममीचा म्हातारा होतो, प्रत्येकाला एकेक विनोद वाटून दिला आणि झालं. पोरं हसली, पण पुन्हा लाव म्हणून कोणी मागे लागलं नाही, पहिल्या भागासाठी अजून लागतात.

चित्रांतही फरक पडलाय. पहिले तीन गेंडी टार्टाकोव्स्कीने दिग्दर्शित केले, तोच तो, कार्टून नेटवर्कवरच्या डेक्स्टर आणि सामुराय जॅकवाला. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये तोंड ताणतात, अंग पिळतात, एका पोजमध्ये क्षणभर थांबवून मग झटका देतात, तसं त्याने कॉम्प्युटरच्या चित्रांत करून दाखवलं. चौथ्यात तो लेखनात आहे पण दिग्दर्शनाच्या खुर्चीत दुसरे दोघं आहेत, सगळं पळतंय पण ते थांबणं हरवलंय. आवाजही बदललाय, ॲडम सँडलरच्या जागी ब्रायन हल. नक्कल चांगली केलीय बिचाऱ्याने, त्याला दोष नाही.

आणि राक्षस म्हणजे काय हे आमच्या पोरांना कोणी शिकवायला नको. नरक चतुर्दशीच्या आधी कितीतरी दिवस बांबू, सुकं गवत, जुने पेपर गोळा करून नरकासुर उभा करतात, मुखवट्याचे डोळे नीट भयंकर दिसेपर्यंत रंग पुन्हा पुन्हा लावतात, जीभ लाल कापडाची की पुठ्ठ्याची यावरून भांडतात, कारण तो घाबरवणारा नसेल तर पहाटे जाळण्यात मजा काय? चौथ्या सिनेमात हेच नाहीये. ड्रॅक्युलाचं काही जाणारच नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, मग तो राक्षस असो की माणूस, कोणाला काय पडलंय.

संपादकसाहेब, एक विनंती आहे. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्याकडे होतो, सिनेमावर गोव्यात एवढं लिहिलं-बोललं जातं, पण मुलांच्या सिनेमाला पेपरात एखादी चौकट मिळाली तर मिळाली. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी मुलांच्या सिनेमाला नीट जागा द्या, आणि ते परीक्षण सातवी-आठवीतल्या पोरांकडूनच लिहून घ्या. आमच्या वाड्यावरची दोन-तीन पोरं आत्ताच तयार आहेत, चौथ्या भागावर त्यांचं माझ्यापेक्षा कडक मत आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा