काकू, पावती माझ्याच नावाने फाडा

काकू, सविनय जय भीम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही आईला गाठून विचाराल, "हे काऊन छापलं वं हिनं?" नागपुरात, आपल्या इंदोरा वस्तीत, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

पहिले आभार त्या संध्याकाळचे. पुण्याजवळच्या निवासी शाळेचं पत्र आलं, पूर्ण स्कॉलरशिप मिळाली, आणि घरात कोणी जेवेना. बाबांचं एकच पालुपद, एवढ्या लांब, त्या परदेशी पोरांमध्ये, एकटी कशी राहील? तुम्ही अभ्यासिकेला कुलूप लावून घरी निघाला होतात. चपला न काढता दारातूनच बोललात, "बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या स्कॉलरशिपवर न्यूयॉर्कले गेले. तवा बोटीनं जा लागे. अन् तुमची पोरगी पुण्याले जाऊन राहिली, त तुम्ही रडून राहिले?" बाबा त्यावर काय बोलणार! रेल्वेचं तिकीट त्यांनीच काढलं.

दुसरे आभार मुलाखतीचे. ते तुम्हाला माहीतच नाहीत. समाजासाठी काय केलंस, असं तिथे विचारलं. बाकीच्या मुलांकडे फायली होत्या, फोटो होते. माझ्याकडे दसऱ्याचा आपला स्टॉल होता, तोच सांगितला. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर काय घडलं, तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं नागपुरात कशी येतात, अजनी स्टेशनावरून गाठोडी घेऊन पायी कशी चालतात, आणि त्यांना जेवू घालायला वस्त्या-वस्त्यांतले लोक रस्त्यावर चुली कशा मांडतात. मग त्यांनी विचारलं, पैसा कुठून येतो? मी वर्गणीची वही सांगितली. दहा रुपये देणाऱ्याचंही नाव त्या वहीत असतं, आणि सगळं आटोपल्यावर विहारात जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. दोन वर्षं तो तुम्ही माझ्याकडून वाचून घेतलात. तेल किती, बेसन किती, मंडपवाल्याची उधारी किती. मुलाखत घेणारे बाई आणि सर पुढे बराच वेळ फक्त त्या वहीबद्दलच विचारत होते.

आमचा अभ्यासक्रम आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेला. त्यात गणित, इतिहास, विज्ञान आहेच, पण 'कॅस' म्हणून एक भाग आहे. काहीतरी कलेचं करा, काहीतरी घाम गाळायचं करा, आणि सेवा करा, असं दीड वर्ष चालतं. त्याला मार्क नाहीत, पण ते पुरं झालं नाही तर डिप्लोमाही नाही. शिवाय काय केलं आणि त्यातून काय कळलं, हे लिहून द्यावं लागतं. (ते लिहिणं बरेच जण शेवटच्या रात्रीवर ढकलतात. पण माझ्या मते त्या सगळ्यात कामाचं तेच आहे.)

शाळेखालच्या गावात आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. आमच्या गटाचं ठरत होतं की इंग्रजी शिकवायचं, पोस्टर लावायचे. मला तुमचं वाक्य आठवलं, "आधी विचारा त्यायले, भूक कायची हाये." बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चौथीतली काही मुलं मराठी धडासुद्धा अडखळत वाचतात, त्यांच्याजवळ कोणीतरी बसा. तेव्हापासून मी दर आठवड्याला बसते. मुलं वाचतात, मी ऐकते. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नाही.

गेल्या दसऱ्याला मी दोन मैत्रिणींना घेऊन आले, एक इटलीची, एक घानाची. आईला धास्ती, यांना कुठे बसवायचं, काय द्यायचं. तुम्ही पाहुणचाराच्या भानगडीतच पडला नाहीत. एकीच्या हातात लाटणं दिलं, दुसरीपुढे आलूचं पोतं ओतलं. कणीक जरा सैल झाली तर परत मळायला लावली, "सैल मळशील त पुरी तेल पीते." इटलीवालीला मराठीचा एक शब्द येत नव्हता, तरी हाताच्या इशाऱ्यावर तिला बरोबर कळलं. दुपारपर्यंत तिच्या पुऱ्या टम्म फुगायला लागल्या आणि तुम्ही तिला कढईपाशी उभं केलंत. घानावालीला वाढायला पाठवलंत ते दोनच नियम सांगून. पुरी वरून टाकायची नाही, ठेवायची. आणि म्हातारं माणूस रांगेत दिसलं की त्याला आधी खुर्ची, मग पत्रावळ. कोण कुठून आलं, कोणत्या जातीचं, हे कोणी विचारत नाही, हे तिने स्वतःच टिपलं. रात्री ती मला म्हणाली, हे मला कॅसच्या लिखाणात लिहायचंय.

आता सहीचं. कॅसच्या फॉर्मवर देखरेख करणाऱ्याची सही आणि शेरा लागतो. तुम्ही आधी "मी कायची साहेब" म्हणून उडवून लावलंत. मग चष्मा लावून तुम्ही लिहिलंत, "मुलगी कामाची आहे. कांदा जाड चिरते. सांबार नीट निवडत नाही." (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर.) आमच्या सरांनी तो शेरा माझ्याकडून वाचून घेतला आणि तसाच फाइलला लावला.

यंदा दसऱ्याला मला सुट्टी नाही. इटलीवाली मात्र येणार आहे, तिकीट काढून बसली आहे. तिला कढईच द्या, आलू सोलायला बसवलं तर रुसेल. माझ्या वर्गणीचे पाचशे रुपये आईकडे दिलेत. पावती बाबांच्या नावाने नको, माझ्या नावाने फाडा, आणि वहीतही तसंच लिहा.

तुमचीच,
अभ्यासिकेत खिडकीजवळ बसणारी