वयाची अट गेली, पण प्रयोगशाळेचं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की अठरा-एकोणीस वर्षांच्या गुणवंतांचे फोटो पेपरात येतात. यायलाच हवेत. पण त्याच परीक्षेचा अभ्यास नोकरी आणि संसार सांभाळून करणारेही काहीजण आहेत. त्यांच्यातलीच मी एक. वय ३६, पेशाने औषधनिर्माता. चौदा वर्षं औषधांच्या खिडकीमागे उभी आहे. डॉक्टर रजेवर असले की फणफणलेलं लेकरू काखेत घेऊन बाया खिडकीशी येतात, ‘ताई, तुम्हीच द्या की काहीतरी’ म्हणतात, आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं.

मध्यंतरी नीटसाठी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० वर्षांची मर्यादा घातली होती. प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच काळात, २०२० मध्ये, ओडिशातले निवृत्त बँक अधिकारी जयकिशोर प्रधान यांना ६४व्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश मिळाला. ती बातमी मी कापून ठेवली आहे. पुढे मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वयाची वरची अट काढूनच टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर बारावी गणित घेऊन झालेल्यांनाही नंतर जीवशास्त्र हा जादा विषय देऊन नीटला बसायची मुभा मिळाली. माझी बारावी गणिताचीच. त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते.

मग जीवशास्त्र शिकायची आणि प्रयोग करायची सोय शोधत फिरायला लागले. एका क्लासमध्ये विचारलं, ‘मुलासाठी आलात का?’ माझ्यासाठी म्हटल्यावर बॅच सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तीही रोज, असं कळलं. एका कनिष्ठ महाविद्यालयाने सांगितलं, पटावर नाव नसेल तर प्रयोगशाळेत घेता येत नाही. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. पुस्तक मी रात्री वाचू शकते, पण मायक्रोस्कोप कुठून आणू?

शेवटी ओळखीच्या एका शिक्षिकेने आपल्या शाळेची परवानगी काढून एका रविवारी मला बोलावलं. चार दिवस आधी ग्लासभर पाण्यावर कांदा ठेवून मुळं फुटवली होती. मुळाचं टोक कापलं, रंगात बुडवून जरा गरम केलं, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबलं. पहिल्या दोन स्लाइड बिघडल्या. तिसरीत एका पेशीत गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जाताना दिसली. सहा महिने जे पाठ करत होते, ते पाच मिनिटांत डोक्यात बसलं.

असा रविवार ओळखीवर मिळू नये, हक्काने मिळावा. मुंबईत कामगारांसाठी रात्रशाळांची जुनी परंपरा आहे. त्याच धर्तीवर शिक्षण विभागाने प्रत्येक तालुक्यात निदान एका कनिष्ठ महाविद्यालयाची जीवशास्त्राची प्रयोगशाळा रविवारी किंवा संध्याकाळी बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना खुली करावी. सुट्टीच्या दिवशी तिथली उपकरणं कपाटातच असतात. शिक्षकांना त्याचं वेगळं मानधन मिळायलाच हवं, त्यांच्यावर फुकटचा भार नको. फी, अनामत, हमीपत्र, जे लागेल ते द्यायची आमची तयारी आहे.

— एक औषधनिर्माता, माजलगाव (जि. बीड)